वाडगाभर दही आणि पाच टायर

गाडीला चाकं पाच होती, स्टेपनी धरून. पाच चाकांवर पाच टायर. मागचे दोन एका मापाचे, पुढचे दोन त्याहून जरा ठेंगणे, आणि स्टेपनीचा टायर मुळात कुठल्या गाडीचा होता ते कुणालाच सांगता येत नव्हतं. चाकांचे नट सोळा असायला हवेत. चौदा जागेवर होते, एक डिकीत सापडला, सोळाव्याचा पत्ता लागला नाही. दारं चार, त्यांतलं एक फक्त बाहेरून उघडायचं. काटे तीन : पेट्रोलचा, तापमानाचा आणि वेगाचा. पैकी तापमानाचा काटा गाडी बंद असतानाही उकळत असे.

ही मोजदाद सिराजने एका रविवारी सकाळी, लुंगी खोचून आणि अम्मीच्या शिलाई मशीनमधला टेप घेऊन केली. सिराज भौतिकशास्त्राचा पदवीधर होता आणि वडिलांच्या बारा लूमच्या कारखान्यात सुताचा नंबर, म्हणजे धाग्याची जाडी, तपासायचं काम करत होता. मोजल्याशिवाय त्याला काही खरं वाटत नसे. भात शिजला की नाही हे तो घड्याळ बघून सांगायचा, आणि घरचे मग गुपचूप शीत दाबून बघायचे.

मोजदाद करायची वेळ आली ती हमिदाबींमुळे. हमिदाबी म्हणजे सिराजच्या बहिणीची, नूरीची सासू. राहायच्या पडघ्याला. मागच्या आठवड्यात त्या भिवंडीला एका लग्नाला आल्या होत्या, आणि परत जाताना सिराजने त्यांना गाडीतून सोडलं. अम्मीने व्याहीणबाईंबरोबर वाडगाभर दही दिलं होतं, चांगलं घट्ट, सुरीने कापावं असं. हमिदाबींनी तो वाडगा सबंध वाटभर मांडीवर धरला. पडघ्याला दारात उतरल्यावर त्यांनी वरचं फडकं काढलं, आत पाहिलं, आणि शेजारपाजारच्या चार बाया ऐकतील अशा बेताने निकाल दिला.

"दही घेऊन बसले, ताक घेऊन उतरले. माझी सून सात महिन्यांची हाय. या गाडीत ती बसायची नाय."

वाक्यं साधीच होती, पण त्यांत नूरीचं माहेरपण अडकलं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, हा दोन्ही घरांचा रिवाज. नूरीने तिसऱ्या महिन्यापासून दिवस मोजायला घेतले होते. अम्मीने मागची खोली रंगवून घेतली होती. आता न्यायचं तर कशाने? एसटीचं नाव काढायची सोय नव्हती. रिक्षाने महामार्गावरून नेणं म्हणजे ट्रकांच्या चाकांखालून नेणं. जीप मिळत होती, पण ती खडीच्या खाणीवर चालणारी, आणि तिच्यात बसलं की माणसालाच ताक झाल्यासारखं वाटायचं. उरली ही पंधरा वर्षांची फियाट.

सिराजने त्याच दारात, सगळ्या बायांसमोर, खालांना, म्हणजे हमिदाबींना, शब्द दिला : मी ही गाडी अशी करीन की दही हलणार नाही. हमिदाबी म्हणाल्या, बघू. नूरी दाराआडून नुसती बघत होती.

घरी आल्यावर अब्बांनी, म्हणजे रहमतुल्लांनी, आपली एक अट त्यात घातली. गाडीला काय करायचं ते कर, पण पेट्रोल जास्त पिता कामा नये. लिटरला अकरा देते. अकराच्या खाली आली तर गाडी कल्याणच्या मामूला देऊन टाकीन, तो दोन वर्षं मागतोय. आणि मोजायचं ते नीट मोजायचं. अब्बांचं मोजमाप असं : टाकी गळ्यापर्यंत भरायची, पडघ्याला जाऊन यायचं, पुन्हा गळ्यापर्यंत भरायची, जितकं मावलं तितकं जळलं. गळ्यापर्यंत म्हणजे किती, याचंही त्यांचं प्रमाण ठरलेलं होतं. ते टाकीच्या तोंडात तर्जनी घालत आणि दुसऱ्या पेरापर्यंत पेट्रोल लागलं नाही तर पंपावरच्या माणसाला "अजून" म्हणत. पंपावर त्यांना आता नावाने ओळखायचे नाहीत, बोटाने ओळखायचे.

म्हणजे दोन गोष्टी साधायच्या होत्या : दही दहीच राहिलं पाहिजे आणि अकरा अकराच राहिले पाहिजेत. सिराजला हा प्रश्न फार आवडला. इतका नीट मांडलेला प्रश्न विद्यापीठानेही त्याला कधी घातला नव्हता.

दह्याचं उपकरण त्याने पहिल्याच दिवशी बसवलं. रात्री एकाच दुधाचं दोन वाडग्यांत दही लावायचं. सकाळी एक वाडगा मागच्या सीटच्या मधोमध, चौपदरी चादरीवर ठेवून पडघ्याला नेऊन आणायचा. दुसरा फडताळात जागच्या जागी राहील. परत आल्यावर दोन्हींना सुटलेलं पाणी चहाच्या चमच्याने मोजायचं आणि गाडीतल्यातून फडताळातलं वजा करायचं. घरी बसलेलं दहीसुद्धा थोडं पाणी सोडतं, त्याचा दोष गाडीला कसा द्यायचा? अम्मीला हे पटलं. तिला एवढंच कळेना, की फडताळातलं चांगलं दही तरी खायला का मिळत नाही. चमच्याने ढवळलेलं दही पुन्हा कुणी खाईना, म्हणून त्या दिवशी कढी झाली. दुसऱ्या दिवशीही कढी झाली. पुढे त्या घरात कढीशिवाय दुसरं काही होईना.

पहिली मोजणी, आहे त्या टायरांवर : नऊ चमचे.

सल्ले यायला वेळ लागला नाही. समोरच्या आनंदीबाईंनी गादी घालायला सांगितलं. कारखान्यातले लूम दुरुस्त करणाऱ्या जॉबरने डिकीत रेतीच्या दोन गोण्या टाकायला सांगितल्या. वजन पडलं की गाडी बसते. गोण्या टाकल्या. गाडी खरोखरच बसली, इतकी की गल्लीच्या तोंडाशी असलेल्या गटाराच्या झाकणावर तिचं पोट टेकलं आणि पुढची दोन चाकं नुसती शोभेला राहिली. चौघांनी ढकलून काढली. रेती पुढे महिनाभर डिकीतून निघत होती.

शास्त्रोक्त सल्ला दिला तो तरे मास्तरांनी. मास्तर शेजारी राहायचे, गणित शिकवून निवृत्त झालेले. संध्याकाळी ओट्यावर खडूने त्यांनी एक मोठं वर्तुळ काढलं, एक लहान काढलं, आणि दोन्हींच्या खाली एकाच मापाचा खड्डा काढला. लहान चाक खड्ड्यात उतरतं, मोठं वरून तरंगत जातं. शिवाय मोठं चाक एका फेऱ्यात जास्त रस्ता कापतं, इंजिनाला फेरे कमी, पेट्रोल कमी. "एकाच दगडात," असं म्हणून मास्तर थांबले, कारण अम्मी कढीचं पातेलं घेऊन आली होती आणि त्यांनी ते कालही नेलं होतं.

सिराजला आकृतीत खोट सापडली नाही. तो धामणकर नाक्यावर कासमभाईच्या टायरच्या दुकानात गेला. कासमभाई म्हणजे गल्ल्यावर बसलेला पंचावन्न वर्षांचा, बोलघेवडा माणूस. नाक्यावरच्या प्रत्येक वाहनाच्या चाकात आपली हवा आहे, असं तो अभिमानाने सांगायचा. ते बरंचसं खरंही होतं. मोठ्या मापाचा टायर याच रिंगवर बसेल का, असं सिराजने विचारलं. कासमभाई म्हणाला, बसवला तर बसेल; माझ्याकडे नाय, पण ठाण्याला माझा साडू हाय, दुबईवाल्या गाडीचा सेट उतरवून ठेवलाय त्याने. तू माझं नाव सांग.

ठाण्याला टायर बसवून झाले. गाडी उंच, दणकट, जरा परकी दिसायला लागली. जुने पाच टायर साडूला नको होते, म्हणून ते डिकीत आणि मागच्या सीटवर रचले. मध्ये दह्याचा वाडगा होताच. येताजाता एक जादा मोजणी मिळेल, हा हिशेब.

भिवंडीच्या जकात नाक्यावर शिपायाने हात केला.

कारकुनाने आत डोकावून विचारलं, हे टायर कुठून आणले. सिराजने खरं ते सांगितलं : भिवंडीतून. मग भिवंडीत का आणताय, असं कारकुनाने विचारलं. सिराजने समजावलं, की सकाळी हे चाकांवर होते आणि आता डिकीत आहेत. कारकून शांत माणूस होता. तो म्हणाला, गाडीच्या चाकावरच्या टायरला जकात नाही, डिकीतल्याला आहे. तुम्ही हे पाच चाकावर चढवा, मला काही म्हणायचं नाही. पण मग आता चाकावर आहेत ते डिकीत येतील आणि त्यांना लागेल. कसंही करा, पाच टायर जास्त आहेत.

सिराजने मनात दोन-तीन वेळा मांडणी करून पाहिली. पाच टायर खरंच जास्त होते.

"आणि यात काय आहे?" कारकुनाने फडक्याकडे बोट दाखवलं.

"दही."

"विकायचं?"

"मोजायचं."

कारकुनाने एकदा सिराजकडे आणि एकदा शिपायाकडे पाहिलं, आणि मग 'जुनं रबर, घरगुती वापर' अशी पावती फाडली. दह्याबद्दल काय लिहावं हे त्याला सुचलं नाही. सिराजच्या पदवीचा असा उपयोग त्या दिवशी प्रथमच झाला : कारकुनाला त्याची दया आली.

मोठ्या टायरांचा गुण लगेच दिसला. खड्डे खरोखर लहान झाले. दोषही लगेच दिसला. गाडीच्या पुढच्या उजव्या मडगार्डला पूर्वी कधीतरी पोचा आलेला होता. स्टिअरिंग उजवीकडे पुरतं वळवलं, की टायर त्या पोच्याला जाऊन भिडायचा आणि लूमवर धोटा अडकल्यावर होतो तसा आवाज यायचा. डावीकडे काही तक्रार नव्हती. सिराजने विचार केला : तीन डावी वळणं म्हणजे एक उजवं वळण. हे भूमितीत निर्विवाद आहे. भिवंडीत ते तितकंसं निर्विवाद नाही, हे त्याला धामणकर नाक्यावर कळलं. उजवीकडे जायचं म्हणून तो डावीकडे वळला, पुन्हा डावीकडे वळला आणि लूमच्या गल्लीत शिरला. तिथे समोरून सुताच्या बिमांनी, म्हणजे सूत गुंडाळलेल्या जाडजूड रुळांनी, भरलेली हातगाडी येत होती. ती मागे घेता येईना, मागून दोन शेअर रिक्षा आल्या, गाडी मागे घेता येईना. लूमच्या खडखडाटात कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं. शेवटी लोकांनी हातगाडीच उचलून बाजूच्या कारखान्यात ठेवली. तिसऱ्या डाव्या वळणाने तो पुन्हा नाक्यावर आला तो सिग्नलच्या नेमक्या चुकीच्या बाजूला, म्हणून पुन्हा पहिल्यापासून. पानवाल्याने तिसऱ्या फेरीला हात वर करून सलाम केला. कासमभाई दुकानाच्या पायरीवर उभा राहून ओरडला, "सिराजमियां, क्या बात है, नाक्याला काबा समजून तवाफ चालू आहे काय?"

त्या आठवड्याच्या मोजण्या : दही, पाच चमचे. पेट्रोल, लिटरला दहा पूर्णांक दोन.

अब्बांनी आकडा ऐकला, कल्याणच्या मामूची आठवण काढली आणि नमाजाला गेले. सिराजला दह्याचा आनंद घेता आला नाही. फेरे कमी झाले असताना पेट्रोल जास्त का जळावं? ओट्यावरचं वर्तुळ अजून पुसलेलं नव्हतं. मास्तर म्हणाले, आकृती बरोबर आहे. गाडी चुकते आहे.

कासमभाईचं मत वेगळं होतं. "अरे, आता ह्या नव्या छोट्या गाड्या निघाल्यात ना, लिटरला किती देतात? वीस. चाक केवढं? एवढंसं. मग? छोटा टायर लाव." तर्क सदोष आहे, हे सिराजला दिसत होतं. पण निर्दोष तर्काने त्याला लूमच्या गल्लीत नेऊन अडकवलं होतं, आणि नूरीला आठवा महिना लागायला फार दिवस उरले नव्हते. कासमभाईने त्याच रिंगवर बसणारे बुटके टायर कुठूनसे मिळवले. हवा भरली, टायरला लाथ मारून पाहिली, "एकदम बरोबर" म्हणाला, आणि गाडी निघाली.

दही, अकरा चमचे. वाडगा म्हणजे ताकच. पण पेट्रोल, लिटरला अकरा पूर्णांक नऊ.

अब्बांना आनंदाची अशी भरती आलेली सिराजने पाहिली नव्हती. मशिदीबाहेर, सूतबाजारात, चहाच्या हॉटेलात त्यांनी सगळ्यांना सांगितलं : आपली गाडी बारा देते, पोराने टायर बदलले. दोघे जण आपल्याही गाडीचे टायर बुटके करायचे म्हणून कासमभाईकडे पोचले. पोराच्या पदवीचं चीज झालं, असं अब्बा आयुष्यात प्रथमच म्हणाले, तेही मामूच्या देखत. दह्याचं काय, असं अम्मीने विचारलं, तर म्हणाले, दह्याला पिशवीत बांधून न्या.

त्याच आठवड्यात पडघ्याला नूरीने भावाला मागच्या पडवीत गाठलं. ती वाळत घातलेल्या मिरच्या उगाचच खालीवर करत होती. "भाई, खरं सांग. जमणार नाय ना? नाय जमणार तर अम्मीला सांग, मागच्या खोलीत कुणाला भाड्याने ठेव." हे ती हसत म्हणाली. "जमेल," एवढंच म्हणून सिराज गाडीत येऊन बसला.

बसल्याबसल्या त्याची नजर किलोमीटर दाखवणाऱ्या मीटरवर गेली. भिवंडीहून पडघा : अठरा पूर्णांक तीन किलोमीटर. मोठ्या टायरांवर हाच आकडा त्याने सोळा लिहिला होता. त्याने दोनदा आठवून पाहिलं. रस्ता तोच, दार तेच. म्हणजे दोन आठवड्यांत पडघा गाव भिवंडीपासून दोन किलोमीटरहून जास्त लांब सरकलं होतं. ही गोष्ट भौतिकशास्त्राला मान्य होण्यासारखी नव्हती.

मग ते त्याला असं लख्ख दिसलं, की त्याने कपाळ स्टिअरिंगवर टेकलं आणि हॉर्न वाजला. मीटर रस्ता मोजत नाही. मीटर चाकाचे फेरे मोजतं आणि चाक मूळ मापाचंच आहे, असं धरून चालतं. चाक मोठं केलं की फेरे कमी होतात, मीटर रस्ता कमी सांगतं, आणि पेट्रोल जास्त जळाल्यासारखं दिसतं. चाक लहान केलं की मीटर बढाया मारतं. येताना त्याने महामार्गावरचे किलोमीटरचे दगड मोजले, उरलेला तुकडा टेपने, उसन्या सायकलच्या चाकाने आणि जिद्दीने मोजला. एका ट्रकवाल्याने थांबून काय हरवलं म्हणून विचारलंसुद्धा. दारापासून दारापर्यंत सतरा किलोमीटर. त्या हिशेबाने मोठे टायर दहा पूर्णांक आठ देत होते आणि बुटके अकरा पूर्णांक एक. बारा कुणीच देत नव्हतं.

हे अब्बांना सांगणं भाग होतं. सिराजने जेवण होऊ दिलं.

"अब्बा, गाडी बारा देत नाही. मीटर बारा देतंय."

अब्बांनी सुपारी कातरायची थांबवली. मग बराच विचार करून म्हणाले, "मग गाडी मीटरवरच चालवू या ना. दगडावर कशाला चालवायची?"

सिराजने पुन्हा सगळं सांगितलं. अब्बांना समजलं होतंच. त्यांना ते सूतबाजारात जाऊन परत सांगावं लागणार होतं, हा खरा त्रास होता. ते म्हणाले, त्या दोघांनी टायर बदललेत, त्यांना तू सांग. आणि उठून गेले.

सिराजने निश्चय केला, की आता कुणाचं ऐकायचं नाही. गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत जे माप लिहिलं आहे त्याच मापाचे पाच टायर, पाचही सारखे. कासमभाई म्हणाला, ही गोष्ट पहिल्या दिवशी बोलला असतास तर! मडगार्डचा पोचा ठोकून घेतला, सोळावा नट आणला. मीटर आता पडघ्याचं अंतर बरोबर सतरा सांगू लागलं. लिटरला अकरा पूर्णांक चार. आणि दही, आठ चमचे.

आठ. जवळजवळ जिथून निघालो तिथेच. सिराज वाडग्यासमोर बसून राहिला. अम्मीने न विचारता पातेलं चुलीवर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी त्याने पहिल्यापासून उजळणी केली. काय काय बदललं? टायरची उंची बदलली, रुंदी बदलली, वजन बदललं. गादी, रेती, सीटवरची जागा बदलली. काय बदललं नाही? रस्ता, चालवणारा आणि हवा. हवा त्याने कधी मोजलीच नव्हती. प्रत्येक वेळी कासमभाई लाथ मारून "एकदम बरोबर" म्हणाला होता, आणि ज्या माणसाला भाताच्या शितावर विश्वास नव्हता त्याने त्या लाथेवर ठेवला होता. हे लक्षात आलं तेव्हा त्याला आपल्या पदवीची घडी करून कुठेतरी ठेवावीशी वाटली.

पुस्तिकेत पुढच्या चाकांना वीस आणि मागच्यांना चोवीस पौंड असं लिहिलं होतं. पंपावरच्या गेजने मोजलं. सेहेचाळीस. चारही चाकं, सेहेचाळीस.

कासमभाईला यात काही वावगं वाटलं नाही. "भिवंडीत हवा सेहेचाळीसच," तो म्हणाला. "माझ्या दुकानात रिकामी गाडी येते कुठे? टेंपो येतो कपड्याच्या गाठी घेऊन. रिक्षात माणसं कमी, कापडाचे ताके जास्त. तुझे अब्बाच बघ ना, सहा दिवस डिकीत सुताच्या गोण्या घालून फिरतात. चोवीस भरली तर रिंग रस्त्यावर टेकेल आणि शिव्या मला. मी काय सासूबाईंचं दही डोक्यात ठेवून हवा भरू?"

बोलणं खरं होतं. सगळं गाव माल वाहत होतं, आणि सगळ्या गावाच्या चाकांत मालाची हवा होती. पोटुशी बाई वाहायची हवा नाक्यावर कुणी कधी मागितलीच नव्हती.

हवा वीस-चोवीसवर आणायची तर सुताच्या गोण्या बंद करायला हव्या होत्या. हे अब्बांना सांगायला सिराज पुन्हा जेवणानंतरची वेळ शोधत होता, पण कासमभाईच्या दुकानातली गोष्ट त्याच्याआधी घरी पोचलेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पाहिलं तर अब्बा दारात उभे राहून सुताच्या गोण्या हातगाडीवर चढवून घेत होते. सिराजकडे न बघता ते हातगाडीवाल्याला म्हणाले, आता दोन-तीन महिने तूच ने बाबा, गाडीला दुसरं काम आहे.

वीस-चोवीस पौंडांवरची पहिली मोजणी : दही, दोन चमचे. सिराजने ते पुन्हा मोजलं. दोनच. फडताळातल्याला एक सुटलं होतं, म्हणजे गाडीचा दोष एक चमचा. अम्मीने त्या दिवशी फडताळातलं दही साखर घालून सगळ्यांना वाढलं. पेट्रोल मात्र वाढलं. मऊ चाक रस्त्याला जास्त चिकटून चालतं, इंजिनाला ओढ लागते. लिटरला दहा पूर्णांक नऊ. अकराला एक दशांश कमी. हा आकडा सिराजने अब्बांना सांगितला, कारण न सांगणं त्याला जमत नव्हतं. अब्बा हं म्हणाले. मामूचं नाव त्यांनी काढलं नाही, पण अट मागेही घेतली नाही. म्हणाले, नूरीला आणायच्या दिवशी मी येतो. पंपावर मी मोजीन, तोच आकडा खरा.

हमिदाबींनीही आपली अट सोडली नव्हती. ठरल्या दिवशी त्या स्वतःच्या हाताने लावलेलं दही, स्वतःच्या वाडग्यात घेऊन, बुरखा सावरत मागच्या सीटवर नूरीशेजारी बसल्या. दुसऱ्याच्या दह्यावर त्यांचा भरवसा नव्हता. अट अशी : निम्म्या वाटेवर वडप्याला गाडी थांबवायची, फडकं काढायचं. दही मोडलं असेल तर गाडी तिथूनच फिरवायची आणि सून परत पडघ्याला. नूरीने सामान बांधलेलं होतं, पण ते डिकीत ठेवू दिलं नाही, पायाशी घेतलं, उतरायला सोपं.

सिराजला आज गाडी हळू चालवावीशी वाटत होती, पण त्याने ती मुद्दाम रोजच्याच वेगाने चालवली; नाहीतर मोजणीला अर्थ राहिला नसता. अब्बा शेजारी बसून समोरचा प्रत्येक खड्डा नावाने सांगत होते. मागे हमिदाबींचे दोन्ही हात वाडग्यावर होते. वडप्याला त्याने गाडी कडेला घेतली आणि आरशात पाहिलं. हमिदाबींनी फडकं उचललं. वाडगा डावीकडे कलता केला, उजवीकडे कलता केला. मग नूरीकडे दिला. नूरीने बघितलं आणि लगेच फडकं पुन्हा टाकलं, जणू नजर लागेल.

"खाला?" सिराजने विचारलं.

"थांबलास कशाला?" हमिदाबी म्हणाल्या. "ऊन चढतंय. माझ्या सुनेला घरी पोचव."

नूरीने पायाशी ठेवलेलं गाठोडं उचलून मागच्या काचेपाशी ठेवलं. पुढचे सात-आठ किलोमीटर ती सतत बोलत होती.

भिवंडीत घराजवळ, सकाळी टाकी गळ्यापर्यंत भरली होती तो पंप लागला. अब्बा उतरले. पंपावरच्या माणसाने टाकीचं झाकण काढलं आणि सवयीने जरा मागे सरला, बोटाला जागा द्यायला. मीटरवर आकडे फिरू लागले. सिराज खाली उतरून बघत उभा होता. दीड, दोन, अडीच, तीन.

"बस," अब्बा म्हणाले.

माणूस थांबला आणि वाट पाहू लागला. अब्बांचे दोन्ही हात पाठीमागे होते. ते टाकीकडे पाहत नव्हते. मागच्या काचेतून नूरी हात हलवत होती, तिकडे पाहत होते.

"झाकण लाव रे," ते म्हणाले. "भरली."

सिराजने टाकीच्या तोंडात डोकावून पाहिलं, मग खिशातून पेन्सिल काढून हिशेब केला. चौतीस किलोमीटर, तीन लिटर : लिटरला अकरा पूर्णांक तीन.